मुलांचे उच्चार घरच्या घरी कसे सुधारायचे: सुरुवात कुठून, रोज काय आणि कशाच्या नादी लागू नये

मूल चार वर्षांचं व्हायला आलंय, भरपूर बोलतंय, पण काकाला ‘ताता’ म्हणतंय, घरात सगळ्यांना त्याची गंमत वाटतेय, अर्धे लोक म्हणतायत होईल आपोआप आणि उरलेले म्हणतायत अजून कसं नाही दाखवलंत कुणाला. अशा पालकांसाठी हे लिहितेय. मी स्पीच थेरपिस्ट नाही, आई आहे. आमच्या धाकट्याला क आणि ग येत नव्हते, त्यासाठी थेरपी झाली आणि घरची प्रॅक्टिसही झाली, त्यातून जे कळलं ते क्रमानं मांडते. थेरपिस्टची जागा हा लेख घेणार नाही, पण अपॉइंटमेंट मिळेपर्यंत किंवा थेरपी चालू असताना घरी काय करायचं याचा गोंधळ बराच कमी होईल.

१. आधी बघा, वयाचं आहे की काळजीचं

सगळे आवाज एकदम येत नाहीत. प, ब, म, न हे ओठांचे आणि सोपे आवाज आधी येतात, क-ग थोडे मागून, आणि स, श, र, ळ, जोडाक्षरं ही मंडळी सगळ्यात शेवटी. त्यामुळे तीन वर्षांचं पोर ‘राजा’ला ‘लाजा’ म्हणत असेल तर शांत राहा, पण साडेचारचं पोर ‘काम’ला ‘ताम’ म्हणत असेल तर लक्ष घालायची वेळ झालीय.

शेरिन मॅक्लिओड आणि कॅथरीन क्रो या दोघींनी २०१८ मध्ये २७ भाषांमधल्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, त्यात असं दिसलं की जगभरातली मुलं साधारण पाच वर्षांपर्यंत आपल्या भाषेतली बहुतेक व्यंजनं नीट म्हणायला लागतात. म्हणजे पाच हा एक चांगला टप्पा धरून चाला. दुसरा ढोबळ हिशोब अनोळखी माणसाचा. घरच्यांना सगळंच कळतं, त्यांचं धरू नका, बाहेरच्या माणसाला दोन वर्षांच्या मुलाचं निम्मं, तीन वर्षांच्या मुलाचं पाऊण आणि चार वर्षांच्या मुलाचं जवळपास सगळं बोलणं कळावं असं सर्रास सांगितलं जातं. हे काटेकोर माप नाही, थोडं मागेपुढे चालतं. पण चार वर्षांच्या मुलाच्या प्रत्येक वाक्याला तुम्हाला दुभाषी म्हणून उभं राहावं लागत असेल तर थांबू नका.

आणि हो, बोली म्हणजे दोष नाही. घरात मोठी माणसंच ‘पानी’, ‘शाला’ म्हणत असतील तर मूल जे ऐकतंय तेच बोलतंय, त्यात सुधारण्यासारखं काही नाही. घरात दोन-तीन भाषा बोलल्या जातात म्हणून उच्चार बिघडले असंही नसतं, त्यासाठी एखादी भाषा बंद करू नका.

२. कान तपासा, आणि हे सगळ्यात आधी

ही तपासणी लोक हमखास टाळतात. ‘त्याला सगळं ऐकू येतं हो, चॉकलेटचा कागद वाजला तरी धावत येतो.’ येत असेल, पण ऐकू येणं आणि स-श-फ सारखे बारीक आवाज स्पष्ट ऐकू येणं यात फरक आहे. सारखी सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं, दुखत नाही म्हणून कळत नाही, आणि ऐकणं कधी बरं कधी मंद असं होत राहतं. कानात बोटं घालून बोलणं ऐकून बघा, साधारण तसा प्रकार. अशा मुलाला आरशासमोर बसवून ‘स म्हण, स म्हण’ करण्यात काय अर्थ आहे?

कान-नाक-घसा डॉक्टर आणि ऑडिओलॉजिस्टकडून श्रवण चाचणी करून घ्या. अगदी लहान मुलांचीही करता येते, खेळत खेळत ‘आवाज आला की ठोकळा टाक’ अशी करतात, आणि पडद्यामागचं पाणी बघायला वेगळी टिंपॅनोमेट्री असते, ती पटकन होते. रिपोर्ट जपून ठेवा, पुढे लागतो.

३. नेमकं काय चुकतंय ते लिहून काढा

‘बोबडं बोलतो’ एवढं पुरत नाही. एक वही घ्या, दोन-तीन दिवस नुसतं ऐका आणि मूल जसं म्हणतं तसं लिहा. बाजूला खरा शब्द. मग पॅटर्न दिसायला लागतो:

- क-ग च्या जागी त-द: काका–ताता, गाडी–दाडी
- स-श च्या जागी त किंवा ट: साप–ताप
- र च्या जागी ल किंवा य
- ळ च्या जागी ल: बाळ–बाल
- जोडाक्षरातलं एक गायब: प्राणी–पाणी
- आवाज बदलत नाही पण बिघडतो: स म्हणताना जीभ दातांच्या मधून बाहेर, किंवा गालातून हवा गेल्यासारखा ओलसर, फसफसलेला स

प्रत्येक आवाज शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी असा तिन्हीकडे ऐका. आमच्याकडे ‘काका’ मध्ये दोन्ही क गायब होते पण ‘नाक’ म्हणताना शेवटचा क कधीकधी बरोबर यायचा, आणि थेरपिस्टला हे सांगितल्यावर तिनं तिथूनच सुरुवात केली. वहीचा असा उपयोग होतो.

मोबाईलवर रेकॉर्डिंगही करा. मुद्दाम बोलायला लावून नको, खेळताना दोन-तीन मिनिटांचं, तारीख टाकून सेव्ह. महिन्यांनी ऐकलं की फरक कळतो, रोज ऐकून कळत नाही.

४. लागणारं सामान

फार काही नाही. दोघांचेही चेहरे मावतील असा आरसा, एक टॉर्च (तोंडात डोकावायला, मुलांना हे भयंकर आवडतं), स्ट्रॉ, ती वही, मोबाईल, आणि चित्रं. चित्रं जुन्या मासिकातून कापा किंवा स्वतः काढा, जितकी वाईट काढाल तितकं मूल हसतं. महागडे फ्लॅशकार्डचे सेट घेऊ नका, ते बहुतेक इंग्रजी अक्षरांच्या हिशोबानं केलेले असतात आणि त्यात ळ शोधून सापडत नाही.

५. आधी कान, मग तोंड

माझा मुलगा गाडीला ‘दाडी’ म्हणायचा. मी एकदा त्याच्यासारखंच म्हटलं, “तुझी दाडी कुठंय?” तर साहेब चिडले, “दाडी नाई! दाडी!!” म्हणजे मी चुकतेय हे त्याला बरोबर कळत होतं, स्वतःचं चुकतंय हे नाही. मुलं भाषा कशी शिकतात याचा अभ्यास करणाऱ्या जीन बर्को आणि रॉजर ब्राउन यांनी १९६० मध्येच हे लिहून ठेवलंय, त्यांनी पाहिलेलं एक मूल ‘फिश’ला ‘फिस’ म्हणायचं पण मोठ्यांनी ‘फिस’ म्हटलेलं त्याला चालायचं नाही.

म्हणून पहिले काही दिवस मुलाला काहीही म्हणायला लावू नका. नुसते ऐकण्याचे खेळ. दोन चित्रं समोर ठेवायची, जिथे एकाच आवाजाचा फरक आहे, आणि तुम्ही म्हणाल त्यावर मुलानं बोट ठेवायचं:

- क/त: कार–तार
- ग/द: गार–दार
- स/त: साप–ताप
- र/ल: रस–लस, राख–लाख
- ळ/ल: वेळ–वेल, माळ–माल
- श/स: शाल–साल, माशा–मासा

‘ताप’ किंवा ‘गार’चं चित्र काढायला जरा डोकं लागतं, पण जमतं. मग उलट करा, तुम्ही मुद्दाम चुका आणि मुलाला पकडू द्या. आईला चूक दाखवायला मिळते म्हटल्यावर कुठलं मूल नाही म्हणेल! हा खेळ दहापैकी आठ वेळा बरोबर यायला लागला की पुढे जा.

६. आवाज बसवणे

एका वेळी एकच आवाज. यादीतले पाच चुकत असतील तरी एकच, आणि तो निवडताना सगळ्यात अवघड निवडू नका. वयाप्रमाणे यायला हवा होता असा, आणि ‘माझ्यासारखं म्हण’ म्हटल्यावर निदान कधीतरी बरा येतो असा निवडा. शक्यतो र पासून सुरुवात नकोच, तिथे मूल आणि आई दोघंही वैतागतात.

क आणि ग. यात जिभेचा मागचा भाग वर उचलून मऊ टाळूला, म्हणजे टाळूच्या मागच्या मऊ भागाला लागतो, त म्हणणारं मूल त्याऐवजी पुढचं टोक वर नेतं. म्हणून टोक खाली बसवायचं. मुलाला उताणं झोपवा, अशानं जीभ आपसूक थोडी मागे जाते. हात स्वच्छ धुवून बोटानं जिभेचं टोक खालच्या दातांच्या मागे हलकेच दाबून धरा आणि आता ‘का’ म्हण म्हणा. टोक वर जाऊच शकत नाही, मग मागची बाजू उठते. आमच्याकडे पहिल्यांदा आला तो धड क नव्हता, खाकरल्यासारखा काहीतरी खरखरीत आवाज होता, पण मागून आलेला होता, आणि टॉर्च मारून आरशात त्यानं स्वतःच बघितलं की जीभ मागे उंच झाली. दोन-चार दिवसांत बोट काढून घेतलं आणि ‘जिभेला खाली झोपव’ एवढ्या इशाऱ्यावर काम भागायला लागलं. बोट घालू देत नसेल तर जबरदस्ती नको, ‘रंग’, ‘अंग’ असे शब्द लांबवून बघा, त्यात ग च्या आधीचा अनुनासिक आवाज त्याच जागेवरून येतो.

स. दात जवळ, जीभ दातांच्या आत, हवा मधोमध. जीभ बाहेर येणाऱ्या मुलाला ‘दाताचं दार बंद, साप घरात’ एवढं सांगितलं तरी पुष्कळदा जमतं. हवा मधून जाते का गालातून हे बघायला स्ट्रॉ पुढच्या दातांसमोर मधोमध धरा आणि स म्हणायला सांगा, बरोबर असेल तर स्ट्रॉमधून सूं ऐकू येईल. जे मूल स ला त म्हणतं त्याच्यासाठी मराठीत एक तयार रस्ता आहे, ‘चाक’ मधला च. हा च म्हणजे त आणि स चिकटून आलेले. तो येत असेल तर ‘च्‌ऽऽस्सस’ असा लांबवायचा, शेपूट धरून ठेवायचं आणि मग पुढचं डोकं कापायचं, उरतो तो स. (‘चमचा’ मधला पहिला च घेऊ नका, तो वेगळा आहे आणि श कडे नेतो.) सहा-सात वर्षांचं मूल असेल आणि पुढचे दुधाचे दात पडलेले असतील तर स काही महिने घसरतोच, दात येईपर्यंत त्याच्या मागे लागू नका.

श. स जमल्यावर. ओठ पुढे गोल, जीभ किंचित मागे. ओठांवर बोट ठेवून ‘शूऽऽ’, बाहुली झोपलीय. बस.

ल. जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे. तोंड थोडं उघडं ठेवून आरशात ‘ला ला ला’, जबडा हलू द्यायचा नाही, फक्त जीभ.

ळ. हा मराठीत शब्दाच्या सुरुवातीला येत नाही, त्यामुळे ‘ळा’ पासून सुरू करू नका, ‘अळ, आळ, इळ, उळ’ असं करा. आधी लांब ल म्हणायला लावा आणि तो चालू असतानाच जिभेचं टोक टाळूवरून मागे सरकवत न्यायचं, एका जागी आवाज बदलतो तो मुलाला ऐकू द्या. मग तिथून जीभ खाली आपटायची.

र. इथे मोठा सापळा आहे. इंटरनेटवर र शिकवणारे ढीगभर व्हिडिओ आहेत आणि बहुतेक इंग्रजीच्या र चे आहेत, त्यात जीभ कुठेही न टेकवता मागे गोळा करतात. आपल्या र मध्ये टोक वरच्या हिरडीवर झटकन आपटून सुटतं. इंग्रजी व्हिडिओ बघून प्रॅक्टिस केलीत तर भलताच र बसेल आणि तो काढणं आणखी कठीण. त्यापेक्षा ‘गाडी, घोडा, वाडा’ मधला ड बघा, तिथेही जीभ अशीच झटका मारून सुटते, फक्त थोडी मागे. ‘अडा अडा अडा’ पटापट आणि सैल जिभेनं म्हणायला लावा, मग जीभ जरा पुढे आण म्हणा. काही मुलांना ‘अदा अदा अदा’ वेगात म्हणताना आपोआप ‘अरा’ सापडतो. याला वेळ लागतो, आठवडेच्या आठवडे जातात, धीर धरा.

ख, घ, भ वगैरे. तळहात तोंडासमोर धरायचा, क ला हवा कमी, ख ला फुस्स. ग-क किंवा द-त मध्ये गोंधळ असेल तर हात गळ्यावर, ग ला गळा गुणगुणतो.

७. शिडी: एकेक पायरी

सगळ्यात जास्त गडबड इथे होते. एकदा क आला की आपण आनंदानं लगेच सांगतो, “आता म्हण, काकाने काळी कार कोपऱ्यात केव्हा…” आणि सगळं कोसळतं. चार्ल्स व्हॅन रायपर या अमेरिकन थेरपिस्टनं १९३० च्या दशकात जी पायऱ्यांची पद्धत मांडली तीच थोड्याफार फरकानं अजून वापरतात:

१. नुसता आवाज: क्‌, क्‌, क्‌
२. स्वरासोबत: का, की, कू, आक, ईक
३. छोटे शब्द: कान, काम, नाक
४. दोन शब्द: माझा कान, मोठं नाक
५. वाक्य
६. गोष्ट सांगणं, चित्र बघून बोलणं
७. रोजचं बोलणं

एका पायरीवर दहापैकी आठ बरोबर आले की वर चढायचं. सारखं चुकायला लागलं की एक पायरी खाली यायचं, त्यात कमीपणा काही नाही. दुसऱ्या पायरीवर रेंगाळायला हरकत नाही, तिथे पाया पक्का होतो. शब्द निवडताना त्यात चुकणारा दुसरा आवाज नको, ‘कार’ मध्ये क सोबत र पण अडत असेल तर तो शब्द बोलायच्या सरावाला घेऊ नका. आणि ज्या आवाजाशी अदलाबदल होते तोही शब्दात नको, क-त वाल्या मुलाला ‘कात’, ‘ताक’ फार पुढे. जोडाक्षरांसाठी मध्ये स्वर घालून सुरू करा, ‘पराणी’, मग वेग वाढवत ‘प्राणी’.

सातवी पायरी सगळ्यात हळू येते. प्रॅक्टिसमध्ये खणखणीत ‘गाडी’ आणि उठून पळताना पुन्हा ‘दाडी’. हे नॉर्मल आहे, विसरला नाहीये, सवय जुनी आहे एवढंच.

८. रोज किती आणि कसं

पाच ते दहा मिनिटं, रोज. रविवारी एक तास बसवण्यापेक्षा हे कितीतरी बरं. त्या दहा मिनिटांत मात्र भरपूर वेळा म्हणून झालं पाहिजे, त्यासाठी खेळ लावा: प्रत्येक ‘की’ ला एक ठोकळा रचायचा, प्रत्येक ‘गा’ ला बाहुलीनं एक पायरी चढायची. मूल भुकेलं, झोपाळलेलं, चिडलेलं असेल तर त्या दिवशी सुट्टी.

शाबासकी देताना नुसतं ‘छान’ नको, ‘जीभ मागे राहिली बघ’ असं सांगा म्हणजे काय बरोबर झालं ते त्याला कळतं.

आणि बाकीच्या दिवसभरात? टोकायचं नाही. मूल धावत येऊन म्हणालं, “आई, ताता आला!” तर “ताता नाही, काका. म्हण काका. नीट म्हण,” हे करू नका. तुम्ही फक्त म्हणा, “हो का, काका आला? कुठंय काका?” बरोबर शब्द दोनदा कानावर पडला, पुन्हा म्हणायला लावलं नाही, आणि काका आल्याचा आनंदही गेला नाही. आजी-आजोबांना हे समजावणं प्रत्यक्ष क शिकवण्यापेक्षा अवघड जाऊ शकतं, त्यांना ऐकण्याच्या खेळात ओढा, टोकण्याची हौस तिथे भागते. पाहुण्यांसमोर ‘बघा आता र येतो त्याला, म्हण रे’ हाही प्रकार बंद.

समजलं नाही तर समजल्याचं नाटक करू नका, मुलांना ते लगेच कळतं. ‘दाखव मला’ म्हणा, किंवा जेवढं कळलं तेवढं परत म्हणून विचारा, “तुझं काहीतरी पडलं? काय पडलं?”

९. लोक सांगतील ते

*फुगे फुगव, शिट्टी वाजव, जीभ नाकाला लाव.* मजा म्हणून करा. पण नुसत्या फुंकण्याच्या आणि जिभेच्या कसरतींनी उच्चार सुधारतात याला भक्कम पुरावा नाही. स शिकायचा तर स म्हणावा लागतो.

*जीभ चिकटलेली आहे, कापून घ्या.* जिभेखालचा पडदा आखूड असतो काही मुलांचा, पण त्यातली बरीचशी व्यवस्थित बोलतात. आणि क-ग ला तर जिभेचं टोक वर लागतच नाही. आधी तपासणी, मग निर्णय, घाईनं नाही.

*ॲप डाउनलोड कर.* ॲप आवाज ऐकवेल, पण तुमच्या मुलाची जीभ कुठे जातेय ते बघणार नाही.

*मुलगे उशिराच बोलतात.* थोडाफार फरक असतो, पण या वाक्यावर वर्ष घालवू नका.

१०. थेरपिस्टकडे कधी, आणि काय घेऊन

हे दिसलं तर घरी प्रयोग करत बसू नका, सरळ दाखवा: दीड वर्षाला एकही अर्थपूर्ण शब्द नाही किंवा दोन वर्षांला दोन शब्द जोडत नाही, आधी येणारे शब्द गेले, आवाज नाकातून येतो किंवा पाणी पिताना नाकातून बाहेर येतं, खूप लाळ गळते, चावायला-गिळायला त्रास, एकच शब्द दर वेळी वेगळा चुकतो आणि बोलताना तोंड चाचपडल्यासारखं हलतं, शब्दांची सुरुवातच गाळतो, स्वरसुद्धा चुकतात. गालातून जाणारा स पण याच यादीत धरा, तो सहसा आपोआप जात नाही आणि घरी चुकीचा पक्का होतो. अडखळत बोलणं हा वेगळा विषय आहे, त्याला या लेखातलं काही लावू नका. आणि मूल बोलायचंच टाळायला लागलं, वर्गात गप्प बसायला लागलं, तर वय कितीही असो, दाखवा.

जाताना न्यायचं:

- श्रवण चाचणीचा रिपोर्ट, जन्मानंतर कानाची तपासणी झाली असेल तर तोही
- जन्माच्या वेळचे आणि मोठ्या आजारपणांचे कागद
- पहिला शब्द, पहिलं वाक्य, चालणं कधी, याच्या अंदाजे नोंदी
- चुकणाऱ्या शब्दांची वही आणि रेकॉर्डिंग (नवीन जागी मुलं हटकून तोंड मिटून बसतात, तेव्हा हेच कामी येतं)
- शाळेतल्या बाईंचं म्हणणं, दोन ओळी पुरतात
- घरात कोण कुठली भाषा बोलतं ते

थेरपिस्ट रीतसर शिकलेला, नोंदणी असलेला आहे ना ते बघा, आणि घरची भाषा येणारा मिळाला तर सोन्याहून पिवळं, कारण ळ आणि दोन प्रकारचे च त्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत. पहिल्याच भेटीत तीन गोष्टी विचारून घ्या: कुठला आवाज आधी घेणार आणि का, घरी कुठल्या पायरीची प्रॅक्टिस करायची, आणि किती दिवसांनी फरक तपासणार. सेशनला आत बसू देत असतील तर बसा. नसतील देत तर शेवटची पाच मिनिटं मागून घ्या आणि त्या पाच मिनिटांत घरची प्रॅक्टिस तुम्ही थेरपिस्टसमोर करून दाखवा, म्हणजे तुमचा हात कुठे चुकतोय ते तिथेच कळेल.